जेलीतली भेग

हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंगचा इतिहास बहुतेक जण कॅन्ससमधल्या ह्यूगोटन वायुक्षेत्रापासून सांगतात. १९४७ साली तिथे स्टॅनोलिंड कंपनीने एका विहिरीत नेपामने घट्ट केलेलं पेट्रोल (हो, युद्धातलं तेच नेपाम) दाबाने सोडून खडक फोडून पाहिला. मला मात्र तो इतिहास दहा वर्षांनंतरच्या एका प्लॅस्टिकच्या बरणीपासून सांगावासा वाटतो.

मधल्या काळात हजारो विहिरींत हा उद्योग झाला, पण खाली भेग कशी पडते हे कुणी पाहिलं नव्हतं. समजूत अशी, की द्रव दोन थरांमध्ये आडवा शिरतो आणि वरची जमीन उचलून धरतो. शेल कंपनीच्या एम. किंग हबर्ट यांना ते पटेना. वरचा खडक उचलायचा तर निदान त्याच्या वजनाइतका दाब हवा. विहिरींच्या नोंदींत तो पुष्कळदा कमीच होता.

हबर्ट आणि डेव्हिड विलिस यांनी पॉलिइथिलीनच्या बरणीचा वरचा भाग कापला, मधोमध काचेच्या नळ्या उभ्या केल्या, भोवती जिलेटिन थिजवलं. खरवसासारखं घट्ट झाल्यावर बरणी दोन बाजूंनी दाबून धरली आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिसचं पातळ मिश्रण आत सोडलं. त्यासाठी दाब दिला तो हाताने पिळायच्या रबरी फुग्याने! भेग उभी पडली, बरणी दाबणाऱ्या बाजूंच्या रेषेत. मग बरणीभोवती ताणलेल्या रबरी नळ्या गुंडाळल्या. चहूकडून आवळल्यावर भेग आडवी पडली. म्हणजे जिकडे दाब सर्वांत कमी, तिकडे ती उघडते. खोल जमिनीत वरचं वजनच बहुधा भारी, म्हणून तिथे ती उभी असणार. प्लॅस्टर सुकल्यावर भेगेचा ठसा हातात येई. १९५७च्या त्यांच्या निबंधात त्याचे फोटो आहेत.

जेलीचा आणि खडकाचा संबंध काय? याचं उत्तर हबर्टनी १९३७मध्येच देऊन ठेवलं होतं. मोठा भूभाग टेबलावर मावेल इतका लहान करायचा, तर त्याचं बळही त्या मानाने घटवावं लागतं. मग ग्रॅनाइटही चिखलाइतका मऊ ठरतो.

उभी भेग थर ओलांडून वर चढू शकते. आज पिण्याच्या पाण्यावरून जे वाद होतात, त्यांतला ‘भेग किती वर जाते’ हा प्रश्न आडव्या भेगेच्या समजुतीत फारसा उठलाच नसता. पण बरणीकडे त्याचं उत्तर नव्हतं. जिलेटिन एकजिनसी, त्यात ना थर, ना जुन्या चिरा. पुढच्या संशोधकांना खऱ्या दगडाचे ठोकळे तिन्ही दिशांनी दाबून तेच प्रयोग पुन्हा करावे लागले, आणि तिथे भेग जुन्या चिरेपाशी कधी थांबली, कधी वळली, कधी सरळ पार गेली.