पिंपरीच्या मातीतलं औषध

बाळाच्या जिभेवर पांढरा थर दिसला की आमच्या लालबाग-परळकडच्या आज्या म्हणतात, "दूध साचलंय." पुसून निघालं तर दूध. निघालं नाही तर बहुधा कँडिडा ही बुरशी.

त्यावर आम्ही हॅमायसिन लावायला देत असू. ते शोधणारे डॉ. एम. जे. तिरुमलाचार वैद्यकातले नव्हतेच! पिकांवरचा तांबेरा आणि काणी या बुरश्यांचं वर्गीकरण हे त्यांचं काम. १९४४ मध्ये काणीच्या एका नव्या प्रजातीला त्यांनी ज्येष्ठ बुरशीतज्ज्ञ मुंडकूर यांच्यावरून 'मुंडकुरेला' नाव दिलं. १९५२ मध्ये दोघांचा भारतातल्या काणी-बुरश्यांवरचा ग्रंथ आला.

पुढे ते पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये आले. तिथल्या मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून हॅमायसिन मिळालं. जिवाणूचं नाव 'पिंपरिना', आणि औषधाच्या नावात कंपनीची आद्याक्षरं एच-ए.

पेनिसिलिन जिवाणूची भिंत मोडतं. बुरशीची भिंत वेगळ्या द्रव्याची. हॅमायसिन बुरशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉलला चिकटतं. म्हणून अशा वेळी घरातलं उरलेलं अँटिबायोटिक बाळाला देऊ नका. तोंडातले निरुपद्रवी जिवाणू मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं.