मुन्सफाची खुर्ची आणि घरची ओसरी

आमच्या ओळखीतला एक मुलगा पुण्याची नोकरी सोडून अमरावतीला परत आला. साईनगरात वडिलांच्या घरी, माडीवरच्या खोलीत बसून स्वतःचं काम करतो. परवा त्याचे वडील भेटले. म्हणाले, "सर, येवढी चांगली नौकरी सोडून पोरगा घरी बसला ना!" आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, शब्दात अडकायची खोडच आहे आम्हाला. 'घरी बसला' हे आपण कुणाला म्हणतो? निवृत्ताला म्हणतो, बडतर्फाला म्हणतो. दिवसाचे बारा तास राबणाऱ्याला का म्हणावं?

ह्या प्रश्नाचा माग काढताना आम्हाला याच गावातला सव्वाशे वर्षांहून जुना एक राजीनामा आठवला. दादासाहेब खापर्ड्यांचा.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म १८५४ चा. १८७७ साली ते पदवीधर झाले, १८८४ मध्ये एलएल.बी. झाले आणि १८८५ पासून वऱ्हाडात सरकारी नोकरीत, मुन्सफ आणि असिस्टंट कमिशनर म्हणून. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचा होता, १८५३ च्या करारापासून कारभार मात्र इंग्रजांचा. अशा मुलखात एतद्देशीय माणसाला मिळणारी ही मोठी जागा. घरच्यांनी देवापुढे साखर ठेवावी अशी. ती त्यांनी १८९० मध्ये सोडली आणि अमरावतीत वकिली सुरू केली.

का सोडली? टिळकांशी सख्य होतं, राजकारणाची ओढ होती, आणि सरकारचं मीठ खाऊन सरकारविरुद्ध बोलता येत नाही. हे तर झालंच. पण आम्हाला विचार करावासा वाटतो तो दुसऱ्या दिवसाचा. काल जो माणूस खुर्चीवर बसून वकिलांचं ऐकत होता, तो आज समोर उभा राहून दुसऱ्या मुन्सफाला 'हुजूर' म्हणणार! स्वतंत्र झाला म्हणायचं, आणि मान तर खाली गेली. मग मिळवलं काय? मिळाली ती संध्याकाळ, असं आमचं मत आहे. कोर्ट सुटल्यावर सभेत काय बोलावं, हे विचारणारा वरिष्ठ उरला नाही. सातच वर्षांनी, १८९७ च्या डिसेंबरात, काँग्रेस अमरावतीला भरली. अध्यक्ष शंकरन नायर, आणि स्वागताध्यक्ष हेच खापर्डे. असिस्टंट कमिशनराला हे करता आलं असतं का?

आता ते 'घरी बसणं'. त्या काळच्या वकिलाची कचेरी बहुधा घरातच असे. पुढच्या बैठकीत गादी, लोड, दप्तरं, कारकून. वऱ्हाडात कापसाचा पैसा आला होता, १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली होती. पैशामागून सावकारी आली, सावकारीमागून दावे. तारखेच्या आदल्या दिवशी दारात बैलगाड्या सुटायच्या. अशा माणसाला कोण म्हणेल घरी बसला म्हणून? काम गावाला दिसत होतं. आजच्या मुलाचं गिऱ्हाईक कुठे बंगलोरला, नाहीतर सातासमुद्रापार. शेजाऱ्याला दिसतो तो फक्त बनियनवर दूध आणायला निघालेला पोरगा.

पण दारातल्या गाड्या मोजताना आपण माजघर विसरतो. ओसरी पक्षकारांची झाली की घर कुणाचं राहतं? चहापाणी, पंगती, मुक्कामी माणसं. त्या वकिलीचा निम्मा बोजा बायकांनी उचलला आणि चरित्रांत त्याला दोन ओळी मिळतात. खापर्ड्यांना 'वऱ्हाडचे नवाब' म्हणत, एवढा त्यांचा हात सैल. नवाबाच्या घरातली चूल कशी पेटती राहिली, हे लक्ष्मीबाईंना विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही.

आणि दुसरी किंमत. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. खापर्डे त्यांच्या अपिलासाठी विलायतेला गेले आणि सुमारे दोन वर्षं तिकडेच राहिले. नोकरदाराला रजा असते, पेन्शन असतं. वकील गावात नसला की पक्षकार दुसरी ओसरी गाठतो, त्यात त्याचा काय दोष? वय चोपन्नच्या पुढे, अपील फेटाळलेलं, परत येऊन घडी पुन्हा बसवायची! डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ ते शिर्डीला साईबाबांजवळ होते. तिथली त्यांची रोजनिशी प्रसिद्ध आहे. भाविक ती भक्तीसाठी वाचतात, वाचावीच. आम्ही ती वाचताना अमरावतीची बंद बैठकही डोळ्यांपुढे ठेवतो.

ते चुकले असं आम्ही म्हणत नाही. त्यांचे प्रतिस्पर्धी रावबहादूर मुधोळकर हेही इथलेच वकील, नेमस्त, १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष. दोघांची तोंडं दोन दिशांना, पण दोघांनाही बोलता आलं ते कुणाचे नोकर नव्हते म्हणून.

मघाशी चहाच्या वेळी कुणीतरी विचारलंत, त्या मुलाला आम्ही काय सांगितलं? खापर्डे वगैरे काही नाही सांगितलं. माडीला बाहेरून जिना काढ म्हटलं, आणि फाटकावर नावाची पाटी लाव. पाटी लागली आहे. गेल्या आठवड्यात आम्ही गेलो तर वडील फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले. आम्हाला पाहून म्हणाले, "थांबा सर, वर्त काम सुरू हाय त्याचं. बसा जरा."