पुण्याचा प्लेग, गोखल्यांची माफी आणि एक कलम

उन्हाळ्यात भारतातून पाहुणे आले की केंब्रिज दाखवण्याचे काम आम्हा इथे राहणाऱ्यांकडे आपोआप येते. किंग्ज कॉलेजचे चॅपेल होते, नदीवरच्या होड्या होतात, आणि पाहुणे पुण्याचे असले तर एक प्रश्न हमखास येतो: "रँग्लर परांजपे कुठल्या कॉलेजात होते हो?" मग मी त्यांना सेंट जॉन्स कॉलेजच्या दाराशी नेऊन उभे करतो. दापोलीजवळच्या मुर्डीचा हा मुलगा सरकारी शिष्यवृत्तीवर १८९६ साली इथे आला आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाला, एवढे सगळ्यांनाच ठाऊक असते. फोटो काढला जातो आणि आम्ही चहाला जातो.

पण हा अभ्यास चालू असताना ज्या गावाने त्यांना इथे पाठवले त्या गावात काय चालले होते, हे मात्र त्या दाराशी उभे राहून कोणी विचारत नाही. गेल्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात पार्लमेंटच्या कामकाजाचे जुने खंड चाळत बसलो होतो, तेव्हा १८९७ च्या उन्हाळ्याच्या पानांत पुन्हा पुन्हा पुणे भेटू लागले. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

मुंबईत प्लेग सुरू झाला तो १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवी भागात. काही महिन्यांतच तो पुण्यात पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. कायदा अगदी छोटा, चारच कलमांचा. पहिल्या कलमात नाव, दुसऱ्यात सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार, तिसऱ्यात आदेश मोडणाऱ्याला शिक्षा, आणि चौथ्या कलमात असे की, ह्या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणाही माणसावर दावा किंवा अन्य कायदेशीर कारवाई चालणार नाही. ह्या चौथ्या कलमाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे.

साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड ह्यांना पुण्याच्या प्लेग कमिटीचे अध्यक्ष नेमले गेले. त्यांच्या जोडीला एक कर्नल आणि एक लष्करी डॉक्टर. मार्चपासून गोऱ्या व देशी सैनिकांच्या टोळ्या घरोघर शिरू लागल्या. रोगी शोधायचे, त्यांना इस्पितळात न्यायचे, घरच्यांना छावणीत हलवायचे, सामान जाळायचे. प्लेगची गाठ काखेत आणि जांघेत येते, म्हणून तपासणी तिथेच. ती कधी रस्त्यावर, चारचौघांत, बायकांचीही. देवघरात बूट घालून शिपाई शिरल्याच्या तक्रारी झाल्या, वस्तू चोरीला गेल्याच्या झाल्या.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. प्लेग थांबवायला काहीतरी कठोर करणे भागच होते. टिळकांनीही सरसकट विरोध केला नाही. त्यांनी स्वतः हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ चालवले, आणि साथ येताच गाव सोडून पळालेल्या पुढाऱ्यांचाही 'केसरी'तून समाचार घेतला. हा भाग आपण हल्ली सांगताना गाळतो. संकटात पुढाऱ्याची जागा कुठे, हा जाब त्यांनी आपल्याच लोकांना आधी विचारला होता.

खरा प्रश्न तक्रारीचा होता. तक्रार करायची कोणाकडे? रँडसाहेबांनी आपल्या अहवालात समाधानाने लिहून ठेवले की, स्त्रियांची अब्रू जाणूनबुजून घेतल्याची विश्वासार्ह अशी एकही तक्रार कमिटीकडे किंवा सैनिकांवरच्या अधिकाऱ्यांकडे आली नाही. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याकडेच ती द्यायची, तीही साक्षीपुराव्यानिशी, आणि ती विश्वासार्ह आहे की नाही हे त्यांनीच ठरवायचे! पंडिता रमाबाईंनी मे महिन्यात 'बॉम्बे गार्डियन'मध्ये स्वतःच्या सहीने पत्र लिहून आपल्याकडच्या मुलींच्या बाबतीत काय घडले ते जाहीर केले. त्यावरही स्वतंत्र चौकशी नाही.

त्या वेळी गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडमध्ये होते. वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाबद्दल साक्ष द्यायला ते आले होते. वय अवघे ३१. पुण्याहून त्यांना मित्रांची पत्रे येत होती. त्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी इथल्या काही खासदारांना, आणि मग 'मँचेस्टर गार्डियन'ला, सैनिकांच्या वर्तनाची हकीकत सांगितली. त्यात सर्वांत गंभीर आरोप हा की, दोन स्त्रियांवर अत्याचार झाला आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. तोवर २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. आयर्स्ट जागीच गेले, रँड ३ जुलैला वारले. अशा हवेत गोखल्यांची मुलाखत छापून आली. मुंबई सरकारने आरोप साफ खोटा व द्वेषमूलक असल्याचे कळवले आणि भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन ह्यांनी ते पार्लमेंटला सांगितले.

जुलैअखेर गोखल्यांची बोट मुंबईला लागली, तेव्हा त्यांना गाठायला बोटीवर आले ते मुंबईचे पोलीस कमिशनर व्हिन्सेंट. पत्रे कोणी लिहिली, हा त्यांचा प्रश्न. गोखल्यांनी नावे दिली नाहीत. दिली असती तर त्या माणसांचे काय झाले असते, हे त्याच आठवड्यात पुण्याने पाहिले: टिळकांना २७ जुलैला अटक झाली, आणि नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याशिवायच डांबले. शहरावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च शहरवासीयांवर लादला. टिळकांच्या खटल्यात ज्यूरीतले सहा युरोपियन एका बाजूला, तीन हिंदी दुसऱ्या बाजूला. शिक्षा दीड वर्षाची.

गोखल्यांनी आरोपाचा पुरावा शोधला. जे पत्रांत लिहीत होते ते उघडपणे पुढे यायला तयार होईनात. तेव्हा ऑगस्टच्या आरंभी त्यांनी गव्हर्नर, प्लेग कमिटी आणि सैनिक ह्यांची जाहीर, बिनशर्त माफी मागितली.

ह्या माफीबद्दल पुण्याने त्यांना सहजासहजी क्षमा केली नाही. भित्रा म्हणून हिणवले. त्या वर्षीच्या अमरावतीच्या काँग्रेसमध्ये त्यांची अवस्था वाळीत टाकल्यासारखी होती. मीही शाळेत असताना गुरुजींकडून हेच ऐकले होते आणि बरीच वर्षे तसेच मानत होतो. आता तसे वाटत नाही. सिद्ध न करता येणारा आरोप आपण केला, हे गोखल्यांनी स्वतःच्या नावाने कबूल केले आणि मित्रांना पोलिसांच्या हाती दिले नाही. पुढे प्लेगची साथ पुन्हा आली तेव्हा ते स्वयंसेवकांबरोबर पुण्याच्या गल्ल्यांतून फिरत होते. माझी तक्रार उलट आहे. सगळ्यांकडून हिशेब घेतला गेला: गोखल्यांकडून, टिळकांकडून, फासावर गेलेल्या चापेकरांकडून, जादा पोलिसांचा कर भरणाऱ्या वाण्या-तांबटांकडून. कमिटीकडून मात्र कोणी घेतला नाही, कारण चौथे कलम तसे लिहिलेच होते. गोखल्यांचा आरोप शब्दशः खरा होता की नाही हे तपासायला एक निःपक्ष चौकशी पुरली असती. ती झाली नाही, म्हणून आजही आपण त्याबद्दल ठामपणे बोलू शकत नाही.

कोणी म्हणेल, ते परक्यांचे राज्य होते. मग आपल्या राज्यातली मुंबई पाहा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग नेमला गेला. नव्या राज्य सरकारने १९९६ च्या जानेवारीत तो गुंडाळला आणि काही महिन्यांनी कक्षा वाढवून परत आणला. १९९८ साली अहवाल आला, त्यात पुढाऱ्यांची नावे होती आणि ३१ पोलिसांवर ठपका होता. पुण्याला १८९७ साली जे मिळाले नाही ते, म्हणजे चौकशी आणि साक्षीपुरावे, मुंबईला मिळाले. पण सरकारने निष्कर्ष स्वीकारले नाहीत, आणि ठपका आलेल्यांपैकी बहुतेक जण शिक्षेवाचून सुटले.

परांजपे पुण्याला परतले आणि १९०२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्याच वर्षी गोखल्यांनी कॉलेजचा निरोप घेतला. पुढे परांजप्यांनी गोखल्यांचे छोटे चरित्रही लिहिले. आणि तो चार कलमांचा कायदा? २०२० साली करोना आला तेव्हा भारतात तोच कपाटातून बाहेर काढला गेला. डॉक्टर-परिचारिकांवर हल्ले करणाऱ्यांना शिक्षा व्हावी म्हणून त्यात नवी कलमे घातली गेली. चौथे कलम मात्र होते तिथेच राहिले.