बिडी कामगारांचे आरोग्य आणि घरचे अर्थकारण

भंडारा जिल्हा म्हटला की धान, तलाव आणि पितळी भांडी आठवतात. पण येथील हजारो घरांची चूल बिडीवर पेटत आली, याचा विसर पडू नये. ठेकेदार तेंदूपत्ता व तंबाखू पुरवी आणि स्त्रिया मांडीवर सूप घेऊन घरीच बिड्या वळीत. मजुरी हजारी हिशेबाने. हात थांबला की मजुरी थांबली. म्हणून आजारपण अशा घरावर दुहेरी घाला घाली: मिळकत बंद, खर्च सुरू. मग सावकाराचे दार, नाही तर मुलगी शाळा सोडून आईच्या सुपाशी.

1948 चा राज्य विमा कायदा कारखान्यांसाठी होता. घरच्या ओसरीपर्यंत तो पोहोचला नाही. 1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्यांनाही कामगार मानले. 1976 साली कल्याण निधीचा कायदा झाला. बिडीवरील उपकरातून दवाखाने, घरे आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या यांची सोय झाली. एकाच ओळखपत्रावर आईला औषध आणि मुलाला शिक्षणास साहाय्य, ही कल्पना खरोखर दूरदृष्टीची. मात्र ठेकेदाराच्या वहीत ज्याचे नाव नाही, त्याला ते ओळखपत्र मिळणे कठीण. पुढे 2017 साली वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला.

मोठ्या शस्त्रक्रियांसाठी 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना काही जिल्ह्यांत सुरू झाली, 2013 साली ती राज्यभर लागू झाली आणि 2017 साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय 2023 साली झाला. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. पण केवळ योजनांनी भागत नाही. 9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा नवजात बालके दगावली, हे विसरता येणार नाही.

शस्त्रक्रियेचे बिल शासन भरते. बुडालेली मजुरी आणि सोबत्याचा प्रवासखर्च घरालाच सोसावा लागतो. तंदुरुस्ती हजार नेमत म्हणतात, ती गरिबाच्या घरी टिकवायची तर कागदपत्रे वेळीच तयार हवीत. सुशिक्षित बंधू-भगिनींनो, आपल्या मोहल्ल्यातील प्रत्येक घराची शिधापत्रिका व ओळखपत्र एकदा पाहून घ्या. आईचे आजारपण मुलीच्या शाळेवर येऊ न देणे, हेही शिक्षणकार्यच आहे.