अक्षरावरील टिंब

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आमच्या एका स्नेह्यांस दोन वर्षांपूर्वीं मलपरीक्षेचा निकाल हातीं पडला: 'खूण आढळली.' प्रकृति ठणठणीत, वयहि साठीच्या आंत. पण त्या दोन शब्दांनीं घरांतील झोप उडाली. पुढें दुर्बिणीनें आंतडें तपासलें, तेव्हां कांहींच निघालें नाहीं. मधले तीन आठवडे त्या कुटुंबानें कसे काढले हें ऐकल्यावर, ही खूण म्हणजे काय आणि ती वाचण्याची विद्या कशी वाढली, हें शोधून पाहण्याची इच्छा झाली.

'नाव' व 'नांव' या शब्दांत अक्षरें तींच; भेद एका टिंबाचा. आपल्या पेशींतील डीएनएची लिपि चार अक्षरांची आहे, आणि तींतहि असें एक टिंब आहे. सायटोसीन या अक्षरास कधीं कधीं एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचा मेथिल नांवाचा लहानसा गट चिकटलेला असतो. उपमा मात्र येथवरच न्यावी; कारण या टिंबानें शब्दाचा अर्थ पालटत नाहीं, तर पुष्कळदां त्याचें वाचनच थांबतें.

१९४८ सालीं रोलिन हॉचकिस हे वासराच्या थायमस ग्रंथींतील डीएनएचे घटक कागदावर वेगळे करीत होते. त्यांत त्यांस सायटोसीनसारखाच, पण निराळा असा एक घटक दिसला. टिंब दिसलें, अर्थ कळण्यास काळ जावा लागला. यकृताच्या व त्वचेच्या पेशींत ग्रंथ एकच, मग कामें भिन्न कां? १९७५ सालीं आर्थर रिग्ज यांनीं, आणि स्वतंत्रपणें रॉबिन हॉलिडे व जॉन प्यू यांनीं, असें सुचविलें कीं कोणतें पान उघडावें व कोणतें मिटावें हें ही टिंबें ठरवीत असावींत, आणि पेशी दुभंगली तरी त्यांची नक्कल पुढें जात असावी.

कर्करोगाशीं त्यांचा संबंध १९८३ सालीं पुढें आला. बाल्टिमोर येथील अँड्र्यू फाइनबर्ग व बर्ट फोगेलस्टाइन यांस कांहीं अर्बुदांतील जनुकांवर, शेजारच्या निरोगी पेशींच्या मानानें, टिंबें कमी आढळलीं. पुढें १९८९ सालीं नेत्रपटलाच्या कर्करोगांत नेमकें उलट दिसलें: रोगास आवर घालणाऱ्या जनुकाच्या आरंभींच टिंबांची दाटी. एकाच रोगांत टिंबें हवीं तेथून पुसलीं जातात आणि नको तेथें पडतात, हें हळूहळू स्पष्ट झालें.

पण वाचावीं कशीं? १९९२ सालीं ऑस्ट्रेलियांत मरियन फ्रॉमर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं युक्ति काढली. सोडियम बायसल्फाइटनें टिंब नसलेलें सायटोसीन बदलून जातें, टिंब असलेलें टिकून राहतें. १९९६ सालीं जेम्स हर्मन प्रभृतींनीं याच्याच आधारें थोड्याशा डीएनएवरूनहि परीक्षा करण्याची सुलभ रीत दिली.

तिचा उपयोग नुसता रोग ओळखण्यापुरता नाहीं. मेंदूच्या एका उग्र कर्करोगांत एमजीएमटी नांवाचें जनुक औषधानें केलेली इजा दुरुस्त करून औषधासच निष्फळ करतें. तें टिंबांनीं मुकें झालेलें असेल, तर औषध लागू पडतें. २००५ सालच्या एका अभ्यासांत अशा रोग्यांचें मध्यक आयुर्मान किरणोपचारासह टेमोझोलोमाइड दिल्यावर २१.७ महिने, आणि आरंभीं केवळ किरणोपचार दिल्यावर १५.३ महिने भरलें. येथें टिंब रोग्याच्या बाजूचें ठरलें.

आतां आमच्या स्नेह्यांच्या परीक्षेकडे वळूं. २०१४ सालीं अमेरिकेंत मान्य झालेली ही मलपरीक्षा दोन जनुकांवरील टिंबें, तिसऱ्या जनुकांतील बदल व रक्ताचा अंश यांचा एकत्र विचार करते. सुमारें दहा हजार माणसांच्या चांचणींत ६५ जणांस आंतड्याचा कर्करोग होता. नव्या परीक्षेनें ६० ओळखले, केवळ रक्ताचा अंश पाहणाऱ्या परीक्षेनें ४८. हा लाभ लहान नव्हे. परंतु ज्यांस कर्करोग किंवा त्याची पुढारलेली पूर्वावस्था नव्हती, अशांपैकींहि शेंकडा १३ जणांकडे तिनें बोट दाखविलें. जुन्या परीक्षेंत हें प्रमाण शेंकडा ५ होतें. म्हणजे ६० खऱ्या रोग्यांबरोबर अशीं बाराशेंहून अधिक माणसें चिंतेंत पडलीं. उलट, २०१६ सालीं मान्यता मिळालेल्या सेप्टिन-९ या रक्तपरीक्षेच्या चांचणींत बरेच रोगी निसटले होते.

तेव्हां 'खूण आढळली' याचा अर्थ 'दुर्बिणीनें पाहा' इतकाच. आणि 'आढळली नाहीं' म्हणून शौचांतून रक्त जात असतां स्वस्थ बसणें हेंहि तितकेंच चुकीचें. हॉचकिस यांच्या कागदापासून या परीक्षेपर्यंत ६६ वर्षें लागलीं. त्या कागदाबरोबर चार समजुतीचीं वाक्येंहि कोणी लिहून दिलीं असतीं, तर आमच्या स्नेह्यांच्या घरचे ते तीन आठवडे इतके जड गेले नसते.