वाजविणाराचा कान

मोखाड्याचा बोहाडा ज्यांनीं एकदां पाहिला आहे त्यांस त्याचें वर्णन सांगावयास नको. ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं इतकेंच सांगतों कीं, जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलुखांत उन्हाळ्याच्या दिवसांत गांवोगांव हा मुखवट्यांचा उत्सव होतो. रात्रीं गांवच्या रस्त्यावर गणपति, सरस्वती, भीम, रावण अशीं सोंगें एकामागून एक येतात, संबळाच्या ठेक्यावर व सनईच्या सुरावर नाचत पुढें सरकतात, आणि अखेरीस देवी व महिषासुर यांचें युद्ध होऊन उत्सवाची समाप्ति होते. कांहीं वर्षांपूर्वीं हा सोहळा पाहावयास आम्ही गेलों, तेव्हां सोंगें जवळून दिसावीं या लोभानें वाजंत्र्यांच्या अगदीं शेजारीं उभे राहिलों. पहांटे मुक्कामावर परतलों, अंथरुणावर अंग टाकलें, आणि मग ध्यानांत आलें कीं, गांवांतला उत्सव संपला तरी आमच्या कानांतला संपलेला नाहीं. रातकिड्याच्या किरकिरीसारखा एक बारीक, अखंड स्वर दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत आमची सोबत करीत होता.

स्वर गेला तशी चिंताहि गेली. परंतु निघण्यापूर्वीं त्याच रात्रीं संबळ वाजविणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांची गांठ पडली, म्हणून सहज आम्हीं त्यांस ही हकीकत सांगितली. ते हंसले. असा आवाज आपल्या कानांत बारा महिने असतो, त्याला कोणी दुखणें म्हणत नाहीं, असें त्यांनीं आमचें समाधान केलें. मात्र हें उत्तर देण्यापूर्वीं आमचें बोलणें त्यांनीं दोनदां विचारून घेतलें होतें. त्या दोनदां विचारण्याचा अर्थ आम्हांस पुष्कळ उशिरां कळला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उशिराचें प्रायश्चित्त होय, असें वाचकांनीं समजावें.

वाद्यानें ऐकणारास आनंद होतो हें सर्वांस ठाऊक आहे. वाद्यानें वाजविणाराचा कान जातो, ही गोष्ट मनुष्यास केव्हां कळली, आणि कळूनहि ती दृष्टीआड कां झाली, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

आरंभ आपल्याच घरापासून करूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, अकराव्या अध्यायांत, इंद्रियांचा त्यांच्या विषयांशीं होणारा संबंध तीन प्रकारांनीं बिघडतो असें सांगितलें आहे: अतियोग, अयोग आणि मिथ्यायोग. कानाच्या अतियोगाचीं उदाहरणें देतांना ग्रंथकार मेघांच्या गडगडाटाचें नांव घेतो, मोठ्या आक्रोशाचें घेतो, आणि त्यांच्याच जोडीला पटहाचें, म्हणजे नगाऱ्याच्या जातीच्या वाद्याचें, नांव घेतो. निसर्गाचा, मनुष्याचा व वाद्याचा असे तिन्ही आवाज त्यानें एकाच पंक्तीस बसविले. वाद्य मंगल आहे म्हणून त्याला त्या पंक्तींतून उठविलें नाहीं.

पुढें सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कानाचे अठ्ठावीस रोग गणले गेले व त्यांत कर्णनाद, कर्णक्ष्वेड आणि बाधिर्य हे तीन निरनिराळे मानले गेले. माधवनिदानांत पहिल्या दोहोंची ओळख मोठ्या मार्मिकपणें करून दिली आहे. कर्णनादांत रोग्यास भेरी, मृदंग, शंख यांच्यासारखे आवाज ऐकूं येतात. कर्णक्ष्वेडांत वेळूच्या बांसरीसारखा आवाज येतो. कारण मात्र माधवकरानें शरीरांतल्या वातांत शोधिलें. म्हणजे एका ग्रंथांत नगारा हें कारण आहे, तर दुसऱ्यांत नगारा हें लक्षण आहे. या दोन पानांमध्यें अंतर असें थोडेंच होतें. पण ज्याच्या हातांत टिपऱ्या होत्या त्या मनुष्यास त्यांच्यामध्यें आणून उभा केला असता तरच तें ओलांडतां आलें असतें.

युरोपांत या विषयाचा आरंभ कारागिरांपासून झाला. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामात्सिनी याचा धंदेवाईक रोगांवरील ग्रंथ १७०० सालीं प्रसिद्ध झाला व १७१३ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति निघाली. व्हेनिस शहरांत तांबें ठोकणारे लोक एका वस्तींत राहत, दिवसभर घण घालीत, आणि म्हातारपणीं ठार बहिरे होत, हें त्यानें लिहून ठेविलें आहे. पुण्याच्या तांबट आळींतून ज्यांचें जाणें-येणें झालें आहे त्यांस याचें मर्म निराळें समजावून द्यावयास नको. याच ग्रंथांत गवयांसंबंधींहि प्रकरण आहे. परंतु तेथें वैद्याची चिंता आहे ती त्यांच्या गळ्याची व अंतर्गळाची. ठोकणाराचा कान त्यास दिसला, गाणाराचा दिसला नाहीं. पुढें १८८६ सालीं ग्लासगो येथील डॉ. टॉमस बार यांनीं बॉयलर बनविणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासून त्यांची टपाल वांटणाऱ्या शिपायांशीं तुलना केली, तेव्हां तर आवाज हाच अपराधी आहे याविषयीं संशयास जागा उरली नाहीं. तथापि तो अपराधी कारखान्यांत पकडला गेला, नाट्यगृहांत किंवा देवळांत त्याचा शोध कोणी केला नाहीं.

वास्तविक संगीतकाराचें बहिरेपण जगास अपरिचित होतें असें नव्हे. बेथोव्हेन याचे कान तिशीच्या आंतच बिघडूं लागले. १८०२ च्या ऑक्टोबरांत हायलिगेनश्टाट येथें त्यानें आपल्या भावांस उद्देशून लिहिलेलें दुःखाचें निवेदन प्रसिद्धच आहे. आणि १८२४ सालीं त्याची नववी सिंफनी प्रथम वाजली तेव्हां टाळ्यांचा कडकडाट त्यास ऐकूं आला नाहीं. बोहेमियाचा स्मेताना १८७४ सालीं बहिरा झाला. दोन वर्षांनीं त्यानें आपल्या आयुष्यावर जी चौकडीची रचना केली तिच्या शेवटच्या भागांत व्हायोलिनचा एक अति उंच स्वर अकस्मात् येतो आणि तसाच लांबत राहतो. तो स्वर म्हणजे त्याच्या कानांतला नाद होय. कर्णनादास संगीतांत इतकें उघड स्थान दुसऱ्या कोणीं क्वचितच दिलें असेल.

परंतु या दोन थोर पुरुषांच्या कथेनें एक घोटाळाहि करून ठेविला आहे. त्यांचें बहिरेपण आवाजानें आलेलें नव्हतें. स्मेताना याचा आजार बहुतेक अभ्यासक उपदंशाकडे नेतात. बेथोव्हेनच्या केसांवरून त्याच्या जनुकांची जी तपासणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली तिच्यांत यकृताच्या विकाराचा माग लागला, बहिरेपणाचा लागला नाहीं. तरीहि ‘बहिरा संगीतकार’ म्हटलें कीं हीच नांवें ओठावर येतात, आणि बहिरेपण हा प्रतिभेवर कोसळणारा दैवाचा घाला वाटूं लागतो. ज्याचा कान त्याच्या धंद्यानेंच घेतला, त्याच्या वांट्याला अशी शोकांतिका येत नाहीं. त्याचें म्हातारपण आलें, एवढेंच लोक म्हणतात.

आपल्याकडील सरकारी गणतीहि याला अपवाद नव्हती. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत वेडे, अंध, मूकबधिर व महारोगी असे चार प्रकारचे विकल लोक मोजले जात. यांत मूकबधिर म्हणजे ज्यास ऐकूं येत नाहीं म्हणून बोलतांहि येत नाहीं तो. पन्नाशींत ज्याचा कान मंदावला, पण जो अजून बोलतो, हंसतो आणि संबळ वाजवितो, त्याच्यासाठीं त्या तक्त्यांत रकानाच नव्हता. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरांत या प्रदेशाच्या जातीजमाती, पिकें, डोंगर, नद्या आणि जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा वृत्तांत आहे. परंतु मनुष्याच्या कानाचा इतिहास हा त्या काळीं इतिहासाचा विषयच नव्हता.

आतां हा कान जातो कसा तें पाहूं. अंतःकर्णांत शंखाकृति नळी असून तिच्यांत सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. ध्वनीच्या लाटेनें ते केस हलतात व मज्जातंतूस निरोप पोंचतो. आवाज फार मोठा किंवा फार वेळ असला म्हणजे या पेशी थकतात, वांकतात, शेवटीं मरतात. आणि मनुष्याच्या शरीरांत त्या पुन्हा उगवत नाहींत. सेकंदास सुमारें चार हजार कंपनांच्या स्वरांचा भाग बहुधा प्रथम जातो. यांत एक फसगत आहे. बोलण्यांतले स्वर खालच्या पट्टींत असतात, ते ऐकूं येत राहतात. परंतु स, त, क, फ अशा व्यंजनांची धार वरच्या पट्टींत असते, ती बोथट होते. मग ‘काल’ आणि ‘ताल’ यांतील भेद राहत नाहीं. माणूस बोलतो आहे हें कळतें, काय बोलतो आहे हें कळत नाहीं. म्हणून तो एकच गोष्ट दोनदां विचारतो.

आवाज ओसरला कीं कान पूर्ववत् झाला, ही आमची समजूतहि खोटी होती. शॅरन कुजावा व चार्ल्स लिबरमन यांनीं २००९ सालीं उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, श्रवणशक्ति परत आल्यासारखी दिसली तरी केसपेशी व मज्जातंतू यांना जोडणारे असंख्य सांधे कायमचे तुटलेले होते. तें वाचून मोखाड्याच्या त्या दुपारीं वाटलेला निर्धास्तपणा आम्हांस आठवला.

शास्त्रज्ञांचा हिशेब सोपा आहे. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज दिवसास आठ तास सोसतो असें धरलें, तर त्यापुढें दर तीन डेसिबलांस वेळ निम्मा होतो: अठ्ठ्याऐंशीस चार तास, एक्याण्णवास दोन, चौऱ्याण्णवास एक, आणि शंभरास अवघीं पंधरा मिनिटें. उलट मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज सुमारें सहा डेसिबलांनीं उतरतो. या दोन नियमांवरून बोहाड्याच्या रात्रीकडे पाहावें. प्रेक्षक वीस हात दूर असतात. कंटाळले तर घरीं जातात. सोंग आपली पाळी नाचून निघून जातें व दुसरें येतें. संबळ मात्र वाजविणाराच्या कमरेलाच बांधलेला, त्याच्या कानापासून हात-दीड हात. आणि नाचणारे बदलले तरी ठेका थांबत नाहीं. तारप्याच्या नाचांतहि हेंच. भोंवतीं हातांत हात गुंफलेलें रिंगण फिरतें, आणि मध्यें तारपेकरी भोपळा फुगविल्यासारखे गाल फुगवून, श्वास न तोडतां वाजवीत राहतो. साऱ्या मेळ्याचा आनंद ज्याच्याभोंवतीं फिरतो, त्या आनंदाचा सर्वांत मोठा वांटा त्याच्याच कानांत पडतो.

या मुलुखाला हळुवार वाद्य ठाऊक नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. दोन भोपळ्यांची घांगळी घेऊन भगत कणसरीची कथा सांगतो, तेव्हां ऐकणारांस कान तिच्या जवळ न्यावा लागतो. ज्या समाजानें असें वाद्य जतन केलें त्यास आवाजाचा विवेक शिकविण्याचा अधिकार आम्हां शहरवासीयांस नाहीं. विशेषतः लग्नावरातींत यंत्राच्या भिंती उभारण्याची रीत आम्हींच तिकडे पाठविली असतां.

कायद्यानेंहि कारखान्यांतल्या कामगाराचा कान आधीं पाहिला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या रोगांच्या यादींत आवाजानें येणारें बहिरेपण पुढें दाखल झालें. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत ते शेजाऱ्याच्या झोंपेसाठीं. वाजविणारा त्यांत दिसतो तो त्रास देणारा म्हणून, त्रास भोगणारा म्हणून नव्हे. परदेशांत हा पडदा अलीकडेच सरला. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमधील व्हायोलावादक क्रिस्तोफर गोल्डशायडर यांच्या कानांस २०१२ मध्यें वाग्नरच्या संगीतिकेच्या तालमींत, पाठीमागील तुताऱ्यांच्या माऱ्यानें इजा झाली. २०१८ सालीं न्यायालयानें त्या संस्थेस जबाबदार धरलें, व २०१९ सालीं वरच्या न्यायालयानें तो निर्णय कायम केला. कलेचें मोल थोर आहे म्हणून वादकाच्या कानाचें मोल कमी होत नाहीं, हें तत्त्व त्यांत मान्य झालें. चरकानें पटहाला मेघगर्जनेच्या पंक्तींत बसविलें होतें. न्यायासनानें इतक्या शतकांनंतर तेंच केलें.

जव्हार तालुक्यांतील वाळवंडें येथील वयोवृद्ध तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांस २०२६ सालीं पद्मश्री जाहीर झाली, तेव्हां या मुलुखास आनंद झाला, तसा आम्हांसहि झाला. सन्मान होतो तो श्वासाचा, बोटांचा व परंपरेचा. आणि तो योग्यच आहे. पण परंपरा जपावयाची तर ती ज्या कानांतून पुढच्या कानांत जाते ते दोन्ही कान शाबूत पाहिजेत. गुरूला शिष्याची चूक ऐकूं आली नाहीं, तर ती चूकच पुढें परंपरा होईल. यासाठीं फार मोठें द्रव्य लागत नाहीं. कापसाच्या बोळ्यानें फारसें कांहीं साधत नाहीं, परंतु कानांत घालावयाचीं साधीं बुचें आवाज पुष्कळ उतरवितात. दोन जोड्या करून पाळीपाळीनें वाजविलें तर कानास विसावा मिळतो. शिकणाऱ्या पोरांचे कान वर्षांतून एकदां तपासावे. बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्यें सुरू झालेला आहे, त्याची वाट गांवच्या वाजंत्र्यापर्यंत जावयास हरकत कोणती?

राहतां राहिला आमचा स्वतःचा हिशेब. पुढच्या बोहाड्यास जाण्याचा आमचा विचार आहे. ते वृद्ध संबळवाले भेटले, तर आम्ही त्यांच्याशीं ओरडून बोलणार नाहीं. ओरडल्यानें बोथट व्यंजनांस धार येत नाहीं. समोर, उजेडांत, ओठ दिसतील असे उभे राहूं आणि सावकाश विचारूं. एकदांच विचारलेलें त्यांस कळावें, एवढेंच आमच्याकडून त्यांचें देणें आहे.