जखमेचा कागद

पेडण्याहून उत्तरेकडे निघालेला रस्ता पत्रादेवीपाशी गोव्याची हद्द ओलांडून बांद्याकडे जातो. डिचोलीहून निघालेला रस्ता असाच दोडामार्गाला मिळतो. आज ह्या वाटांनी जाणाऱ्या प्रवाशाला हद्द कोठे संपली आणि कोठे सुरू झाली हे पाटी वाचल्याखेरीज कळत नाही. १९५५ साली मात्र ती रेषा ओलांडणे म्हणजे पोर्तुगीज बंदुकांच्या तोंडी जाणे होते. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले हजारो नि:शस्त्र सत्याग्रही अनेक ठिकाणांहून गोव्यात शिरले. त्यांच्यावर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. लुधियाना जिल्ह्यातील ईसरू गावचा तरुण शिक्षक कर्नैलसिंग पत्रादेवीला पडला. सागरच्या सहोद्राबाई राय ह्यांना गोळ्या लागल्या. पुढे १९५७ मध्ये त्या लोकसभेवर निवडून गेल्या. वसंतराव ओक ह्यांच्या पायाला गोळी लागली. ही नावे इतिहासाने जपली आहेत. पण मला आज बोलावयाचे आहे ते ज्यांची नावे वृत्तपत्रांत 'व इतर' ह्या दोन शब्दांत सामावली गेली त्यांच्याविषयी, आणि त्यांच्या अंगावरील जखमांविषयी.

गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने परप्रांतांतून आलेल्या सत्याग्रहींसाठी एक सोयीस्कर रीत पाडली होती. पुढाऱ्यांना पकडावे, त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला भरावा आणि त्यांना आग्वादच्या किल्ल्यात डांबावे. नानासाहेब गोरे ह्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, मधु लिमये ह्यांना बारा वर्षांची. सामान्य सत्याग्रहींचे काय? त्यांना बंदुकीच्या दस्त्यांनी व दंडुक्यांनी झोडपावे, आणि अर्धमेल्या अवस्थेत हद्दीपलीकडे आणून टाकावे. इतक्या लोकांना तुरुंगात पोसण्याची दगदग नको आणि जगापुढे बंदिवानांचा आकडाही फुगावयास नको, असा दुहेरी हिशेब त्यात असावा असे मला वाटते. ह्या हिशेबाचा एक परिणाम मात्र त्या वेळी कोणाच्याही ध्यानी आला नाही. ज्याला तुरुंगात टाकले त्याच्या नावाचा कागद झाला. ज्याची हाडे मोडून सोडून दिले त्याच्या नावाचा कागद झाला नाही.

ह्या कागदाची किंमत सतरा वर्षांनी कळली. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले आणि निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. १९८० मध्ये ती अधिक व्यापक करून तिला सन्मान निवृत्तिवेतन असे नाव देण्यात आले. योजनेची मुख्य अट होती किमान सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची. गोळीबारात वा लाठीहल्ल्यात कायमचे अपंगत्व आलेल्यांनाही तिच्यात स्थान होते. पण तेथेही प्रश्न पुराव्याचाच. तुरुंगाचा दाखला आणा. तो नष्ट झाला असेल तर सहबंद्यांची प्रमाणपत्रे आणा. आता जो तुरुंगात गेलाच नाही, त्याने सहबंदी कोठून आणावा?

असा एक सत्याग्रही डोळ्यांपुढे आणा. पत्रादेवीला त्याच्या खांद्यावर दस्ता बसला. सोबत्यांनी त्याला उचलून बांद्याला आणले, कोणीतरी हळद लावून फडके बांधले, आणि तो मिळेल त्या गाडीने आपल्या गावी परतला. त्या गर्दीत औषधोपचार करणाऱ्याने वहीत नाव लिहून ठेवावे अशी अपेक्षा कोण करील? वही असलीच तर ती इतकी वर्षे कोण जपील? म्हातारपणी हात वर होईना, तेव्हा मुलाने अर्ज लिहून दिला. कचेरीने उलट विचारले, इस्पितळाचा दाखला कोठे आहे? वैद्याला आज ते हाड पूर्वी मोडले होते एवढे सांगता येईल. ते कोणत्या दिवशी, कोणत्या नाक्यावर आणि कोणाच्या हातून मोडले, हे हाड सांगत नाही.

भूमिगत क्रांतिकारकांची अडचण तर ह्याच्या अगदी उलट होती. आझाद गोमंतक दलाच्या माणसाला जखम झाली तर ती लपवावी लागे, कारण गोव्यातल्या इस्पितळात जाणे म्हणजे पोलिसांच्या हाती लागणे होते. पुरावा राहू न देणे ही त्यांच्या कामाची पहिली अट होती, आणि पुढे तोच पुरावा त्यांच्यापाशी मागण्यात आला! मोहन रानडे ह्यांची गोष्ट ह्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी झाले आणि म्हणूनच पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. गोवा मुक्त झाल्यानंतरही सात वर्षे ते पोर्तुगालच्या तुरुंगात होते. सुटका झाली ती जानेवारी १९६९ मध्ये. त्यांची जखम शत्रूच्या दप्तरात नोंदली गेली. जो निसटला त्याची नोंदली गेली नाही. म्हणजे देशभक्तीचा सर्वांत भक्कम दाखला शेवटी शत्रूनेच लिहिलेला ठरतो, ही स्थिती विचित्र खरी, पण ती तशी आहे.

जखम आणि तिचा मोबदला ह्यांचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. डिचोली महालात नार्वे येथे सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये करविला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच छत्रपतींनी अफझलखानाच्या प्रसंगानंतर जखमी लोकांना काय दिले ते सभासदाने आपल्या बखरीत लिहून ठेवले आहे. दोनशे होनांपासून पंचवीस होनांपर्यंत, ज्याची जशी जखम पाहिली तसे त्याला दिले. जखम 'पाहिली' हा त्यातला महत्त्वाचा भाग. लढाई नुकतीच झालेली, धनी समोर, जखम ओली. तेथे दाखल्याची गरज पडली नाही. काळ आणि अंतर मध्ये आले की डोळ्यांची जागा कागद घेतो.

हे अंतर पोर्तुगीजांच्या वाट्याला आपल्यापेक्षा आधी आले होते. गोव्यातल्या शिपायाने तलवार गाजवावी आणि बक्षिसासाठी सहा महिन्यांचा समुद्रप्रवास करून लिस्बनच्या दरबारात चाकरीचे दाखले घेऊन उभे राहावे, अशी त्यांची पद्धत. दियोगु दु कौतु ह्या इतिहासकाराने त्यावर एक संवाद लिहिला. हिंदुस्थानात उमेदवारी केलेला एक म्हातारा शिपाई दरबारी आपल्या हक्कासाठी आला आहे आणि तेथील बड्या अधिकाऱ्यांना गोव्याच्या कारभाराचे वाभाडे काढून दाखवितो आहे, असे त्याचे स्वरूप आहे. कौतुच्या हयातीत हा ग्रंथ छापला गेला नाही. तो बाहेर आला १७९० मध्ये. गंमत अशी की, हाच कौतु १५९५ पासून गोव्याच्या सरकारी दप्तरखान्याचा रखवालदार होता. कागद राखणाऱ्यालाच कागदाची मर्यादा सर्वांत आधी कळली!

कवी कामोंइश ह्याचा एक डोळा आफ्रिकेतील लढाईत गेला होता. १५५३ मध्ये तो गोव्यात आला. पुढे १५७२ मध्ये त्याला वर्षाला पंधरा हजार रैंशचे निवृत्तिवेतन मिळाले, ते हिंदुस्थानातील चाकरीबद्दल आणि त्याच्या महाकाव्याबद्दल. त्याची जखम तोंडावरच होती, पण तिला राजाच्या आज्ञापत्राने दर वर्षी मोल मिळाले असे म्हणवत नाही. आणि मान नेमका कोणाच्या पदरी पडतो हे पाहावयाचे असेल तर पेडण्यातच पाहावे. शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला पोर्तुगीजांनी मे १७४६ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला. त्यापायी व्हाइसरॉयला 'आलोर्नाचा मार्किश' ही पदवी मिळाली, आणि पेडण्यातल्या एका खेड्याचे नाव लिस्बनच्या सरदारघराण्याला कायमचे चिकटले. तटावर चढताना जे शिपाई पडले, आमचे आणि त्यांचेही, त्यांचे नाव कोणत्याच गावाला चिकटले नाही. पुढे डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले ते १९६१ पर्यंत.

त्या १९६१ च्या डिसेंबरात ह्याच दोडामार्गाच्या बाजूने ब्रिगेडियर सगतसिंग ह्यांची पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड गोव्यात उतरली. मोहिमेत भारताचे बावीस जवान धारातीर्थी पडले आणि चोपन्न जखमी झाले. पाहा, येथे आकडा नेमका आहे! कारण फौजेबरोबर वैद्यकीय पथक असते आणि जखमी शिपाई तंबूत येताच त्याचे नाव, पलटण व जखमेचे स्वरूप लिहून घेतले जाते. शत्रूच्या हातून जखमी झालेल्या सैनिकासाठी भारत सरकारने १९७३ मध्ये स्वतंत्र पदकही सुरू केले. त्याच हद्दीवर सहा वर्षे आधी डोकी फुटलेल्यांबरोबर मात्र असे पथक नव्हते.

फौजेचा कागदही अमर नसतो. अमेरिकेत युद्धात जखमी झालेल्यांना 'पर्पल हार्ट' हे पदक देतात. जखमेवर वैद्यकीय उपचार झाला आणि त्याची नोंद झाली, अशी त्याची अट आहे. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुई शहरातील लष्करी दप्तरखान्याला आग लागली आणि एक कोटी साठ लाखांहून अधिक सैनिकांची दप्तरे भस्म झाली. १९१२ ते १९६० ह्या काळात भूसेनेतून निवृत्त झालेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के लोकांचे कागद त्यात गेले. तेव्हापासून कित्येक वृद्ध सैनिकांना सोबत्यांच्या शपथपत्रांवर आणि घरी लिहिलेल्या जुन्या पत्रांवर आपली जखम सिद्ध करावी लागली.

मग कागद मागूच नये काय? इतके सरळ उत्तर देणे मला साधत नाही. आपल्याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात, बनावट स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली. खोटा दाखला घेऊन पुढे आलेला माणूस सरकारच्या पैशापेक्षा खऱ्या सत्याग्रहीच्या शब्दाची चोरी अधिक करतो, कारण त्याच्यामुळेच पुढच्या खऱ्या माणसाकडे संशयाने पाहिले जाते. परंतु खोट्या माणसाजवळ बहुधा कागद व्यवस्थित असतात, हेही कचेरीने ध्यानात ठेवावयास हवे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितले की, अर्ज उशिरा आला एवढ्यावरून तो फेटाळू नये, कारण ही योजना सन्मानासाठी आहे. २००१ मध्ये त्याने आणखी स्पष्ट केले की, फौजदारी खटल्यात लागतो तसा नि:संशय पुरावा अशा अर्जदाराकडे मागणे योग्य नाही. जे घडले ते संभवनीय दिसते काय, एवढे पाहावे. माझ्या मते कचेरीला ह्याहून वेगळी कसोटी लागत नाही. गावातल्या लोकांना तो कधी गेला आणि कोणत्या अवस्थेत परत आला हे आठवत असते. त्या दिवसांची वृत्तपत्रे ग्रंथालयांत आहेत. लिस्बनमध्ये पोर्तुगीज गुप्त पोलिसांचे दप्तर १९९४ पासून अभ्यासकांना खुले आहे. ह्या तिन्ही ठिकाणी शोध घेण्याचे काम ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याने करावे की ज्याच्यापाशी कारकून आहेत त्या सरकारने, हा खरा प्रश्न आहे.

गोवा मुक्तिलढ्याच्या १९५४-५५ मधील पर्वात भाग घेतलेल्यांसाठी केंद्र सरकारने निवृत्तिवेतनाचे निकष शिथिल केले ते २००३ मध्ये. पत्रादेवीला गेला तेव्हा जो वीस वर्षांचा होता, तो त्या वर्षी अडुसष्टांचा झाला होता.